किती जाणावे?

आमचे थोरले बंधू अण्णा पोस्टमास्तर होते. तालुक्याच्या गावी अडतीस वर्षे त्यांनी लोकांच्या पत्रांची आणि मनिऑर्डरींची उलाढाल केली आणि साठाव्या वर्षी सन्मानाने घरी आले. माझ्याहून ते वीस वर्षांनी मोठे; वडिलांच्या माघारी त्यांनीच मला वाढवले, शाळेत घातले. त्यांच्याविषयी मला जे वाटते त्याला प्रेम म्हणावे की धाक, हे या वयातही मला नक्की सांगता येणार नाही. अशा या माणसापासून २०२२ साली मी अकरा दिवस एक गोष्ट लपवून ठेवली. ती लपविण्याचा मला अधिकार होता काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसला आहे. आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही एक प्रश्न आला आहे : जी गोष्ट मी लपवली, ती शोधायला तरी आम्ही जायला हवे होते काय?

हकीकत साधी आहे. अण्णांना रात्री तीन-चार वेळा उठावे लागे. या वयात बहुतेक पुरुषांना लागते. गावातल्या डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली. तिला पी. एस. ए. म्हणतात. प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते आणि उतारवयात वाढत जाते. तिच्यात तयार होणारे एक द्रव्य रक्तात किती उतरले आहे, ते या तपासणीत मोजतात. साधारणपणे ४ च्या आत आकडा असला म्हणजे लोक निश्चिंत होतात. अण्णांचा आकडा ७ च्या वर गेला होता.

हा आकडा मोठा कावेबाज आहे. कर्करोग असला तर तो वाढतो. पण ग्रंथी नुसती वयाने वाढली तरी वाढतो, तिला सूज आली तरी वाढतो. दारावर थाप पडली आहे एवढेच तो सांगतो. बाहेर पाहुणा आहे की चोर, हे सांगत नाही. ते कळण्यासाठी ग्रंथीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. पण ग्रंथी अक्रोडाएवढी किंवा त्याहूनही मोठी. त्यातला कोणता तुकडा काढणार?

शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या पुस्तकापुरता. तरी त्यानंतर या विषयावर जे जे समजेल ते मी विचारून-वाचून घेतले, आणि माझ्या ध्यानात आले की वैद्यकातला हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानातला प्रश्न आहे. अज्ञाताचा शोध कसा घ्यावा? सगळीकडे सारखा हात घालावा, की जिथे संशय आहे तिथेच घालावा?

जुनी रीत पहिल्या पक्षाची. १९८९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी एक पद्धत मांडली. गुदमार्गात सोनोग्राफीची नळी घालायची, तिच्या आधाराने ग्रंथीचा आकार पाहायचा आणि ठरावीक सहा जागी सुई टोचून सहा तुकडे घ्यायचे. पुढे सहाचे बारा झाले. प्रत्येक तुकडा म्हणजे शेवयीसारखा बारीक, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा धागा. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण तिच्यातला रोग बहुधा दिसत नाही. म्हणून या सुया एका अर्थी आंधळ्याच. आमच्या शाळेत पूर्वी तपासणीसाहेब येत, ते डोळे मिटून वह्यांच्या गठ्ठ्यातून बारा वह्या ओढून काढीत, त्यातलाच हा प्रकार. पण साठ वह्यांतून बारा म्हणजे पाचवा हिस्सा तरी झाला. इथे बारा धागे मिळून ग्रंथीचा शंभरावा हिस्साही होत नाही.

डॉक्टरांनी आम्हाला दुसरी वाटही सांगितली होती. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून सुई घालायची. आतड्यातल्या जंतूंशी तिचा संबंध येत नाही, म्हणून संसर्गाची भीती कमी. मात्र तिथे त्या सोयीसाठी वेळ आणि खर्च अधिक लागणार होता. आम्ही मध्यमवर्गीय माणसे. पहिली वाट लवकर उरकणारी आणि स्वस्त, शिवाय वर्षानुवर्षांची चालत आलेली. आम्ही तीच धरली. पुण्याला सकाळी गेलो आणि संध्याकाळच्या एस. टी. ने परत आलो.

तिसऱ्या दिवशी रात्री अण्णांना हुडहुडी भरली. अंगावर तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. पहाटे त्यांना दवाखान्यात नेले. पाच दिवस शिरेतून औषध चालले. सुई गुदमार्गाने जाताना तिथले जंतू बरोबर घेऊन रक्तात शिरतात. आधी प्रतिजैविकाच्या गोळ्या दिलेल्या असतात, पण त्या गोळ्यांना दाद न देणारे जंतू आपल्या देशात पुष्कळ झाले आहेत. यात कोणाचा हलगर्जीपणा होता असे मी म्हणत नाही. धोका आम्हाला आधी सांगितलेला होता. आम्ही तो ऐकला, आणि माणूस असले धोके ऐकतो तसाच ऐकला. म्हणजे तो दुसऱ्या कोणाला तरी असेल, असे समजून.

अण्णा दवाखान्यात असतानाच अहवाल आला. तो मी घेतला, पाकीट फोडले आणि जिन्यातच वाचला. बारा धाग्यांपैकी एका धाग्यात, तोही थोड्याशा भागात, कर्करोग होता. पुढे लिहिले होते : ३ + ३ = ६.

या बेरजेचा अर्थ सांगायला हवा. १९६६ साली डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन डॉक्टरने पेशींच्या मांडणीवरून या रोगाची प्रतवारी ठरविण्याची रीत घातली. मांडणी जितकी विस्कटलेली, तितका आकडा मोठा. आज व्यवहारात सहा ही सर्वांत खालची बेरीज आणि दहा ही सर्वांत वरची. सहाचा रोग इतका मंद असतो की त्याला कर्करोग हे नाव तरी द्यावे काय, असा वाद जाणत्या डॉक्टरांमध्ये चालू आहे. पुष्कळ म्हातारी माणसे असला रोग पोटात बाळगून दुसऱ्याच कारणाने मरतात आणि त्यांना कधी पत्ताही लागत नाही. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले : शस्त्रक्रिया नको, किरण नकोत, दर सहा महिन्यांनी रक्त तपासू आणि नजर ठेवू.

पण शब्द हा शब्दच असतो. ‘कर्करोग’ हा शब्द एकदा घरात आला की तो पाहुण्यासारखा वागत नाही, मालकासारखा वागतो. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, यांना आत्ताच काही सांगू नका. तापातून उठलेत, अंगात त्राण नाही. काही करायचेच नाही म्हणतात ना डॉक्टर? मग सांगून तरी काय साधायचे?” मला ते पटले. खरे म्हणजे मला ते पटायला हवेच होते, कारण अण्णांसमोर उभे राहून तो शब्द उच्चारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. आपल्या भित्रेपणाला आपण किती सहज करुणेचे नाव देतो! झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून मी ते पाकीट माझ्या कपाटात, शाळेच्या हजेरीपटाखाली ठेवून दिले.

बाराव्या दिवशी अण्णांनी मला ओसरीवर बोलावले. म्हणाले, “माझा अहवाल आला का रे?” मी म्हटले, “आला, अण्णा. विशेष काही नाही.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग शांतपणे म्हणाले, “अडतीस वर्षे मी लोकांची पत्रे पोचवली. कोणाचे लग्न मोडल्याचे, कोणाचा मुलगा गेल्याचे. पाकिटाकडे बघून कळायचे आत काय आहे ते. पण एकही पत्र मी फोडले नाही आणि एकही अडवून ठेवले नाही. आणि माझ्या नावाचे पत्र तू फोडून वाचलेस आणि ठेवून घेतलेस.”

ते एवढेच बोलले. मी कपाटातून पाकीट आणून त्यांच्या हाती दिले.

पुढे कित्येक दिवस मी या गोष्टीचा विचार करीत होतो. मला दोन पक्ष दिसत होते. एक पक्ष वहिनींचा आणि माझा : दृष्टिआड सृष्टी. ज्या ज्ञानाने काही करता येत नाही, ते ज्ञान म्हणजे नुसते दुःख. ते न मिळवावे, आणि मिळाले तर देऊ नये. दुसरा पक्ष अण्णांचा : जे माझे आहे ते मला कळलेच पाहिजे, मग ते काहीही असो. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारी जाऊन बसला, तो याच वृत्तीने. यम त्याला धन देऊ करतो, राज्य देऊ करतो. पण पोराला हवे असते फक्त उत्तर.

पहिल्या पक्षाला शास्त्राचा आधार मिळेल असे मला वाटत होते, आणि काहीसा मिळालाही. ब्रिटनमध्ये अशा १६४३ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, तिसऱ्यावर नुसती नजर. १५ वर्षांनंतरचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गट मिळून या रोगाने दगावलेले फक्त ४५ जण, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नाही. उलट शस्त्रक्रिया झालेल्यांत लघवीवरचा ताबा सुटण्याचे आणि पुरुषत्व गमावण्याचे दुःख अधिक. तेव्हा जे न शोधताही चालले असते ते शोधून, मग भीतीपोटी त्यावर सुरी चालवून, किती जणांनी आपले चांगले आयुष्य बिघडवून घेतले असेल! डोंगर पोखरून उंदीर काढावा आणि मग त्या उंदराच्या भीतीने घर सोडून पळावे, अशातली गत. पण त्याच हिशेबात असेही होते की, रोग इतरत्र पसरण्याचे प्रमाण नुसती नजर ठेवलेल्यांत जवळजवळ दुप्पट निघाले. म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण तिच्यात कधी कधी विंचूही असतो.

हा विंचू आम्हाला २०२४ च्या जानेवारीत दिसला. रक्तातला आकडा चढत चालला होता. या वेळी डॉक्टरांनी आधी एम. आर. आय. काढायला सांगितले. आधी चित्र, मग सुई. चित्रात ग्रंथीच्या पुढच्या अंगाला एक काळसर डाग होता. गुदमार्गाने जाणारी सुई मागच्या बाजूने येते. पुढचे अंग तिला सर्वांत लांबचे. पूर्वीच्या बारा सुयांपैकी एकही तिथवर पोचली नसावी. म्हणजे पहिल्या शोधाने जे आम्हाला कळण्याची फारशी गरज नव्हती ते दाखवले, आणि जे कळायला हवे होते ते दाखवले नाही. मी अकरा दिवस जे सत्य म्हणून कपाटात लपवून बसलो होतो, ते पुरते सत्य नव्हतेच!

आमचीच ही कथा नाही. ब्रिटनमध्येच झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७६ पुरुषांची दोन्ही प्रकारे तपासणी केली गेली, आणि खरे काय ते ठरविण्यासाठी ग्रंथीतून दर पाच मिलिमीटरवर तुकडे घेतले गेले. गंभीर रोग असलेल्या दर शंभरांपैकी चित्राने ९३ जणांवर बोट ठेवले. जुन्या आंधळ्या सुयांना सापडले ४८. दुसऱ्या वर्षी, अकरा देशांतल्या ५०० पुरुषांवरचा अभ्यास आला. चित्र पाहून फक्त संशयाच्या जागी सुई घातली तेव्हा गंभीर रोग शंभरात ३८ जणांत सापडला, जुन्या रीतीने २६ जणांत. आणि निरुपद्रवी रोग चित्राच्या रीतीने ९ जणांत, जुन्या रीतीने २२ जणांत. पहिल्या गटातल्या चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांना सुई टोचून घ्यावीच लागली नाही.

हे आकडे वाचले तेव्हा मी क्षणभर थांबलो. कमी शोधून अधिक सापडले होते! आणि जे सापडले नाही, त्याचे न सापडणे हाही फायदाच होता. ज्ञान म्हणजे साठा, जितका अधिक तितका बरा, अशी माझी आजवरची समजूत. मुलांनाही मी तेच शिकवीत आलो. इथे मला दिसले की ज्ञानाची प्रत त्याच्या राशीवर ठरत नाही. आपण प्रश्न काय विचारला त्यावर ठरते. ‘या ग्रंथीत कुठेही काही आहे काय?’ हा एक प्रश्न. ‘या माणसाला ज्याने इजा होईल असे काही आहे काय?’ हा दुसरा. पहिला प्रश्न कुतूहलाचा किंवा भीतीचा आहे. दुसऱ्यात माणूस आहे.

पण चित्राच्या रीतीची नुसती आरती ओवाळावी असेही नाही. संशयाने शोध घेणाऱ्याचे दोष तिच्यातही आहेत. त्याच ५७६ जणांच्या अभ्यासात, ज्यांना गंभीर रोग नव्हता अशा दर शंभरांपैकी चित्राने ४१ जणांनाच निर्दोष सोडले. उरलेल्यांवर नाहक संशय घेतला. म्हणून चित्र हा पुरावा नव्हे, ते फक्त वॉरंट. निकाल सुईनेच लागायचा. शिवाय काही थोडे गंभीर रोग चित्रातही निसटतात. वर्गात गडबड करणाऱ्या मुलाकडे पाहताना मागच्या बाकावरचा गप्प मुलगा मास्तरांच्या नजरेतून सुटतो, तसे. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटली. चित्र पाहून सुया नेमक्या सर्वांत वाईट जागी घातल्या की रोगाची प्रत पूर्वीपेक्षा वरची भरते. माणूस तोच, रोग तोच. पण पूर्वी तो चहूकडून सारखा पाहिला जाई, आता त्याच्या सर्वांत वाईट जागेवरून त्याची पारख होते. जुने आडाखे जुन्या सुयांवर बांधलेले; ते नव्या आकड्यांना जसेच्या तसे लावले तर भीती वाजवीपेक्षा मोठी होते. मास्तर म्हणून मी चरकलो. कितीदा तरी एखाद्या मुलाच्या वहीतले सर्वांत घाणेरडे पान उघडून त्यावरून मी त्याची इयत्ता ठरवली असेल!

तेव्हा कोणतीही सुई निष्पाप नाही. प्रत्येक पद्धत काही दाखवते, काही झाकते, आणि काही इजाही करते. सुईच्या वाटेचेही तसेच. २०२५ साली ब्रिटनमधल्या ११२६ पुरुषांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. कातडीतून, फक्त तेवढा भाग बधिर करून घेतलेल्या तपासणीत गंभीर रोग शंभरात ६० जणांत सापडला, गुदमार्गाने ५४ जणांत. संसर्गामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले पहिल्या गटात २, दुसऱ्यात ९. पण वेदना आणि संकोच कातडीच्या वाटेनेच अधिक जणांना सोसावा लागला. एकाला ताप नको असतो, एकाला वेदना नको असतात, एकाला खर्च झेपत नाही. ही निवड कोणी करायची? मला आता एवढे नक्की वाटते की ज्याच्या देहात सुई जाणार आहे त्यानेच. आणि ती करण्यापूर्वी त्याला सगळे सांगितलेले असले पाहिजे.

पहिल्या खेपेला आम्ही अण्णांना नीटसे विचारलेच नव्हते. खर्च किती, एस. टी. किती वाजता, एवढीच आमची चर्चा. ‘रोग निघाला तर तुम्ही काय कराल? नुसती नजर ठेवायची म्हटले तर तुम्हाला झोप लागेल का?’ हे प्रश्न सुईच्या आधी विचारायचे असतात, नंतर नव्हे. उत्तराचे काय करायचे ते ठरलेले नसताना विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो, तो जुगार असतो. आणि उत्तर आल्यावर ते लपविणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने खेळलेला जुगार.

दुसऱ्या खेपेला आम्ही चौघे बसून बोललो : अण्णा, वहिनी, डॉक्टर आणि मी. अण्णा म्हणाले, “चित्रात जिथे डाग आहे तिथले बघा. कातडीतून सुई घाला; दुखले तर दुखू दे, ती हुडहुडी पुन्हा नको. मात्र एक ऐका. ज्याच्यावर काही करायचे नाही, असले बारीकसारीक काही निघाले तर तेही मला सांगा. घाबरायचे की नाही ते माझे मी बघेन.” मी वहिनींकडे पाहिले. त्या पदराशी चाळा करीत खाली बघत होत्या. त्यांना हे मनापासून पटले असे मला अजूनही वाटत नाही. त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असेही मी म्हणणार नाही; कारण त्या अकरा दिवसांत अण्णा स्वस्थ झोपले, आणि त्यानंतर कित्येक रात्री झोपले नाहीत. सत्याची ही किंमत त्यांनी मोजली आहे. ती वाजवी होती की नाही, हे सांगण्याचा अधिकार मला नाही.

अहवाल आणायला या वेळीही मीच गेलो. पुण्याहून गावी यायला एस. टी. ला अडीच तास लागतात. पाकीट मांडीवर होते. ते उघडण्याचा मोह झाला नाही, असे म्हटले तर खोटे होईल. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णा ओसरीवर बसले होते. मी पाकीट त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, चिकटवलेली कड बोटाने चाचपली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि चष्मा मागवला.

आत ३ + ४ = ७ होते. त्यांनी वाचले, घडी घातली आणि वहिनींना हाक मारून म्हणाले, “अगं, ऐक जरा. उपचार घ्यावे लागणार आहेत.” पुढे दोन महिने त्यांनी किरणोपचार घेतले. आता रात्री एकदाच उठतात. पुढचे कोणी सांगावे?

त्या संध्याकाळी मात्र ते चष्मा पुसत मला म्हणाले, “पत्र वेळेवर पोचले रे.” त्यांच्या तोंडून माझी एवढी स्तुती मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.